षट्कर्णी गुपित आणि त्याची किंमत

गुपित फुटलं की मराठीत ते 'षट्कर्णी झालं' असं म्हणतात. दोघांचे कान चार. तिसरा आला की कान सहा होतात आणि गोष्ट गावभर होते. या शब्दामागे एक गृहीत आहे, की गुपिताची खरी जागा दोघांमध्ये असते आणि तिसरा हा त्याचा शत्रू. घरात, व्यवहारात, मैत्रीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण दोन देशांमधल्या गुपिताला हा नियम लावून पाहिला तर तो उलटा पडतो. ज्या दोन सरकारांना एकमेकांशी गुपचूप बोलायचं असतं, त्यांचं उघड बोलणं बहुधा बंद असतं. त्यांच्यात वकिलाती नसतात, एकमेकांच्या शब्दावर भरवसा नसतो, आलेला निरोप खरा आहे की सापळा हे ओळखायला साधन नसतं. अशा वेळी निरोप नेणारा आणि त्याची हमी घेणारा कोणी तिसरा लागतोच. म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधलं मोठं गुपित जन्मतःच षट्कर्णी असतं. म्हणून ते किती काळ टिकलं यापेक्षा मला वेगळे प्रश्न महत्त्वाचे वाटतात: ते तिसरे कान कोणाचे होते, तेच का निवडले गेले, आणि त्यांच्या बदल्यात काय द्यावं लागलं? माझं म्हणणं असं, की ही किंमत पुष्कळदा त्या तिघांपैकी कोणीच देत नाही. ज्यांना त्या गुपिताचा पत्ताही नसतो अशी माणसं ती देतात. १९७१ साली अमेरिका आणि चीन यांच्यात उघडलेली वाट हे याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. त्या वेळचे बरेचसे कागद आता खुले झाले आहेत, आणि ती किंमत आपल्या दाराशी मोजली गेली.

१९४९मध्ये चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आल्यापासून अमेरिकेने त्या सरकारला मान्यता दिली नव्हती. अमेरिकेच्या लेखी चीन म्हणजे तैवान. १९५५पासून दोन्ही देशांचे राजदूत आधी जिनिव्हात आणि मग वॉर्सात अधूनमधून भेटत, शंभरावर बैठका झाल्या, पण त्यांत एकमेकांची जुनी निवेदनं वाचून दाखवण्यापलीकडे फारसं काही होत नव्हतं. मार्च १९६९मध्ये उसुरी नदीतल्या एका बेटावर चिनी आणि सोव्हिएत सैन्यांत गोळीबार झाला आणि चित्र बदललं. चीनला आता अमेरिकेपेक्षा मॉस्कोची धास्ती जास्त होती. व्हिएतनाममध्ये अडकलेल्या अमेरिकेलाही मॉस्कोवर दबाव हवा होता. दोघांचं हित जुळलं. तरीही या दोन सरकारांना एकमेकांपर्यंत साधा निरोप पोचवता येईना. डिसेंबर १९६९मध्ये वॉर्सात युगोस्लाव्ह कपड्यांचं एक प्रदर्शन भरलं होतं. अमेरिकेचे राजदूत वॉल्टर स्टोसेल यांना तिथे चिनी वकिलातीतली माणसं दिसली. वॉशिंग्टनचा आदेश होता, की संधी मिळताच चिन्यांशी बोला. स्टोसेल त्यांच्याकडे निघाले, तर ते चिनी अधिकारी काढता पाय घेऊ लागले, कारण अमेरिकनांशी बोलण्याची परवानगी त्यांना कोणी दिलेली नव्हती. अखेर महासत्तेच्या राजदूताने दुभाष्याच्या मागे अक्षरशः धावत जाऊन, तुटक पोलिश भाषेत, आपल्या राष्ट्राध्यक्षांना गंभीर चर्चा हवी आहे एवढं कसंबसं सांगितलं. देशांचे संबंध हिताने ठरतात, ओळखीपाळखींनी नव्हे, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा. हित होतं, आणि ते दोन्ही बाजूंना कळतही होतं. नव्हतं ते दोघांनाही ओळखणारं माणूस.

त्या धावपळीने वॉर्साचं दार किलकिलं झालं, १९७०च्या जानेवारी-फेब्रुवारीत दोन बैठकाही झाल्या, पण मे महिन्यात अमेरिकी फौजा कंबोडियात घुसल्या आणि चीनने पुढची भेट रद्द केली. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांना त्याचं फारसं दुःख झालं नाही. वॉर्साचा रस्ता परराष्ट्र खात्याचा होता. तिथल्या प्रत्येक बैठकीचा वृत्तान्त खात्याच्या कितीतरी मेजांवर जाई, मित्रदेशांतल्या वकिलातींना कळे, आणि तिथून तैवानच्या पाठिराख्यांपर्यंत पोचायला वेळ लागत नसे. निक्सन यांना हवी होती ती वेगळ्या घडणीची वाट: अलीकडे चारपाच माणसं, पलीकडे चारपाच माणसं आणि मधे एकच अरुंद साकव. ओळखीच्या जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना ही रचना परिचयाची आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड बर्ट यांनी १९९२ साली मांडलं, की दोन घट्ट गटांच्या मधे जी पोकळी असते तिथे उभा राहणारा माणूस दोन्हीकडून लाभ मिळवतो, कारण इकडचं तिकडे नेण्याचा मार्ग त्याच्याच हातात असतो. त्याच्याही ऐंशी-पंचाऐंशी वर्षं आधी गेओर्ग झिमेल या जर्मन विचारवंताने गुप्ततेकडे सामाजिक नातं म्हणून पाहायला शिकवलं होतं. गुपित राखणं म्हणजे कोण आत आणि कोण बाहेर याची रेघ ओढणं. आणि दोघांच्या नात्यात तिसरा आला की तो मध्यस्थ होऊ शकतो, तसाच दोघांच्या गरजेचा फायदा उठवणाराही होऊ शकतो, असं त्याने दाखवलं. बर्ट बाजारपेठेबद्दल लिहीत होते आणि झिमेल एकूण समाजाबद्दल, पण १९७०-७१चा पाकिस्तान समजून घ्यायला या दोघांइतका उपयोग मला दुसऱ्या कोणाचा झालेला नाही.

ऑगस्ट १९६९मध्ये निक्सन लाहोरला गेले तेव्हाच त्यांनी पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान यांच्या कानावर घातलं होतं, की चीनशी बोलायची आपली इच्छा आहे. त्याच दौऱ्यात रुमानियाच्या चाउशेस्कू यांनाही त्यांनी तेच सांगितलं. म्हणजे साकव दोन होते. पण रुमानियात सोव्हिएत कानांची भीती होती आणि चीनचा कल पाकिस्तानकडे दिसत होता. ऑक्टोबर १९७०च्या सुरुवातीला अमेरिकेने पाकिस्तानवरच्या शस्त्रबंदीला 'एकदाच' म्हणून सूट दिली, त्यात तीनशे चिलखती गाड्यांचा समावेश होता; त्याच महिन्याच्या अखेरीस याह्याखान व्हाइट हाउसमध्ये बसून चीनला न्यायचा निरोप ऐकत होते. हा सरळ सौदा होता असा माझा दावा नाही, पण या दोन घटना शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय त्या नात्याचा अंदाज येत नाही. पुढचा कारभार कसा चाले हे पाहण्यासारखं आहे. ९ डिसेंबर १९७० रोजी पाकिस्तानचे राजदूत आगा हिलाली किसिंजर यांच्या दालनात आले. त्यांच्याजवळ चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांचा निरोप होता, साध्या रेघी कागदावर हाताने लिहिलेला. तो कागद ठेवून जाण्याची मुभा त्यांना नव्हती. म्हणून त्यांनी तो सावकाश वाचला आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार शाळकरी पोराने शुद्धलेखन घ्यावं तसे तो उतरवून घेत राहिले. उत्तर टंकलिखित होतं, पण त्यावर कसलं शीर्षक नव्हतं, सही नव्हती, सरकारी कागदाची जलमुद्राही नव्हती. कोणाच्या हाती पडलंच तर ते कोणाचं आहे हे सिद्ध करता येऊ नये. मग प्रश्न येतो, की असा बेवारस कागद बीजिंगमध्ये खरा कसा मानला जाणार? तो खरा ठरत होता तो केवळ नेणाऱ्यामुळे. याह्याखान यांचा माणूस आणतो आहे, म्हणून तो खरा. सही, मोहर, शीर्षक यांचं सारं काम एका ओळखीने केलं. पाकिस्तान चीनचा थोर मित्र आहे आणि म्हणूनच या निरोपाला आपण महत्त्व देतो, असं चौ यांनी आपल्या निरोपातच कळवलं होतं.

८ जुलै १९७१ रोजी किसिंजर दिल्लीहून इस्लामाबादला पोचले. रात्रीच्या जेवणाच्या वेळी पोट बिघडल्याचं निमित्त झालं, याह्याखान यांनी त्यांना थंड हवेच्या नथियागलीला विश्रांती घ्यायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी गाड्यांचा एक ताफा खरोखरच त्या डोंगराकडे गेला. त्यात किसिंजर नव्हते. ते पहाटेच्या काळोखात रावळपिंडीच्या चकलाला विमानतळावरून पाकिस्तानी प्रवासी कंपनीच्या बोइंग विमानाने बीजिंगला निघाले होते. विमानात आधीच बसलेले चिनी अधिकारी पाहून त्यांचे अंगरक्षक चक्रावून गेले, कारण त्यांनाही काही सांगितलेलं नव्हतं. गडबडीत किसिंजर जादा शर्ट घ्यायला विसरले आणि आपले सहकारी जॉन होल्ड्रिज यांचे घालून त्यांना चौ एन-लाय यांच्यासमोर बसावं लागलं; त्या शर्टांच्या आतल्या चिठ्ठीवर 'तैवानमध्ये बनवलेला' असं लिहिलेलं होतं. १५ जुलैला निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून चीनभेटीची घोषणा केली तेव्हा सारं जग थक्क झालं. मुत्सद्देगिरीचा विजय म्हणून ही कथा आजवर अगणित वेळा सांगितली गेली आहे. तिच्यातली धाडसी आणि गमतीची अंगं मला नाकारायची नाहीत. पण त्याच दिनदर्शिकेवर दुसऱ्याही तारखा आहेत.

२५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कारवाई सुरू केली. विद्यापीठातली वसतिगृहं, पोलिसांच्या बराकी, जुन्या शहरातल्या हिंदू वस्त्या यांवर रणगाडे आणि बंदुका चालल्या. अमेरिकेचे ढाक्यातले महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी दिवसामागून दिवस तारा पाठवून काय चाललं आहे ते वॉशिंग्टनला कळवलं. उत्तर येईना. ६ एप्रिलला त्यांच्या कचेरीतून एक असहमतीची तार गेली. आपलं सरकार लोकशाहीची गळचेपी आणि अत्याचार यांचा निषेध करण्यात कमी पडलं आहे, अशा आशयाच्या त्या मजकुराखाली तिथल्या २० अमेरिकी अधिकाऱ्यांची नावं होती, आणि त्याच दिवशी वॉशिंग्टनमधल्या नऊ दक्षिण आशिया तज्ज्ञांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहून तिला पाठिंबा दिला. २७ एप्रिलच्या संध्याकाळी हिलाली पुन्हा किसिंजर यांच्याकडे आले: चीन अमेरिकी दूताचं स्वागत करायला तयार होता. दुसऱ्याच दिवसाची तारीख असलेलं पूर्व पाकिस्तानविषयीचं धोरण-टिपण निक्सन यांच्यासमोर गेलं तेव्हा त्यांनी त्यावर स्वहस्ते शेरा मारला, की या घडीला याह्याखान यांच्यावर दबाव आणू नका. त्यातल्या नकाराच्या शब्दाखाली त्यांनी तीन रेघा ओढल्या. ब्लड यांची काही आठवड्यांतच ढाक्याहून उचलबांगडी झाली. आपल्या तारांना मौनाशिवाय काही उत्तर का मिळत नाही हे त्यांना तेव्हा कळणं शक्यच नव्हतं. ते गुपिताच्या रेघेबाहेर होते. आणि जे लाखो लोक कुटुंबकबिल्यासह बोनगाव, आगरतळा, बालुरघाटच्या बाजूने सीमा ओलांडत होते, ज्यांची संख्या वर्षअखेरीपर्यंत एक कोटीच्या घरात गेली, त्यांना हे कोण सांगणार, की तुमच्यावर बंदूक रोखणारा माणूस दूर कुठल्यातरी दोन राजधान्यांमधला साकव आहे आणि म्हणून त्याला धक्का लावायचा नाही?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की साकव नसता तरी निक्सन यांनी हेच केलं असतं. पाकिस्तान अमेरिकेच्या लष्करी करारांतला जुना साथीदार होता, निक्सन यांना याह्याखान आवडत आणि इंदिरा गांधी मुळीच आवडत नसत, शीतयुद्धाच्या हिशेबात भारत मॉस्कोकडे झुकलेला मानला जाई. शिवाय जुलैनंतर पाकिस्तानची गरज संपली होती. पुढचा पत्रव्यवहार मुख्यतः पॅरिसमधल्या चिनी राजदूतामार्फत होऊ लागला. तरी डिसेंबरच्या युद्धात अमेरिकेने 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडलीच. मग सगळा दोष त्या साकवाला कसा द्यायचा? या आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे. निक्सन यांच्या आवडीनिवडी आधीपासून होत्या आणि कागदपत्रांत त्या लख्ख दिसतात. पण आवड असणं वेगळं आणि आपल्याच २० अधिकाऱ्यांनी सही करून सांगितलेलं डोळ्यांआड करणं वेगळं. त्यासाठी कारण लागतं, आणि ते २७ एप्रिलला मिळालं. जुलैनंतरचा मुद्दा तर माझ्या मते उलट साक्ष देतो. चौ एन-लाय यांनी किसिंजर यांना सांगितलं होतं, की पार झाल्यावर पूल मोडू नये अशी आमच्याकडे म्हण आहे. निरोप पोचवण्याची गरज सरली, पण त्या नात्याने एक ऋण मागे ठेवलं. आपण एका मित्राला सोव्हिएत शस्त्रांनी तोडू दिलं तर चीन आपल्या मैत्रीला कवडीची किंमत देणार नाही, असं किसिंजर डिसेंबरमध्ये आपल्या सरकारात वारंवार बजावत होते. १० डिसेंबरला त्यांनी न्यूयॉर्कमध्ये चिनी राजदूताला गुप्तपणे गाठून चीनने हालचाल करावी असं सुचवलंही. चीन हलला नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. मार्गाचा उपयोग संपला तरी त्या मार्गावर कोणाला काय देणं आहे, हा विचार धोरणाला धरून राहिला.

बाहेर ठेवलेल्यांचं काय होतं हेही पाहायला हवं, कारण गुप्ततेचा हिशेब मांडताना हीच बाजू हमखास सुटते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांना किसिंजर यांचा प्रवास सुरू झाल्यावरच बीजिंगचं कळलं. इस्लामाबादमधल्या अमेरिकी राजदूताला मात्र मे महिन्यातच गुपचूप कॅलिफोर्नियाला बोलावून सामील करून घेतलं होतं, आणि आपल्याच खात्याला कळू द्यायचं नाही असं बजावलं होतं. एका मंत्र्याचा राजदूत त्या मंत्र्यापासूनच गुपित राखतो आहे, अशी ती रचना. जपानचे पंतप्रधान सातो अमेरिकेवर विसंबून चीनला दूर ठेवत आले होते. त्यांना घोषणेआधी जेमतेम काही मिनिटं कळवण्यात आलं. जपानमध्ये त्या धक्क्याची आठवण आजही निक्सन यांच्या नावानेच निघते. सातो यांच्या जागी आलेल्या तानाका यांनी सप्टेंबर १९७२मध्ये बीजिंगला जाऊन चीनशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, अमेरिकेच्या सहा वर्षांहून अधिक आधी. सर्वांत बोलकी गोष्ट मात्र व्हाइट हाउसच्या आतली आहे. सेनादलांच्या प्रमुखांनाही निक्सन-किसिंजर यांनी बऱ्याच गोष्टींतून वगळलं होतं. त्यांनी मग आपली सोय केली. किसिंजर यांच्या सोबत प्रवास करणारा नौदलाचा एक लघुलेखक त्यांच्या बॅगांमधले कागद चोरून नकला करायचा आणि त्या सेनाप्रमुखांच्या कचेरीत पोचवायचा. जुलैच्या त्या आशिया दौऱ्यातही त्याने हेच केलं. डिसेंबरमध्ये पत्रकार जॅक अँडरसन यांनी व्हाइट हाउसच्या गुप्त बैठकांची इतिवृत्तं छापून निक्सन यांचा पाकिस्तानकडचा कल चव्हाट्यावर मांडला तेव्हा चौकशीत हा सगळा प्रकार उघड झाला. अँडरसन यांना कागद दिल्याचा संशय त्या लघुलेखकावर आला, त्याने तो नाकारला. हा लघुलेखक पूर्वी दिल्लीतल्या अमेरिकी वकिलातीत नोकरीला होता, तिथे त्याची अँडरसन यांच्या आईवडिलांशी ओळख झालेली होती. फुटण्याची वाटसुद्धा ओळखीपाळखींचीच निघाली.

आणि भारत? तोही बाहेर ठेवलेल्यांतच होता. किसिंजर ६ आणि ७ जुलैला दिल्लीत बसून निर्वासितांबद्दल बोलत होते आणि दोन दिवसांनी बीजिंगमध्ये होते. घोषणेनंतर पंचवीस दिवसांत, ९ ऑगस्ट १९७१ रोजी, स्वर्णसिंग आणि ग्रोमिको या परराष्ट्रमंत्र्यांनी दिल्लीत भारत-सोव्हिएत मैत्री करारावर सह्या केल्या. या कराराची बोलणी १९६९पासून चालू होती, तेव्हा तो केवळ चीनभेटीला दिलेलं उत्तर होता असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण दोन वर्षं रेंगाळलेला मसुदा त्या उन्हाळ्यातच मार्गी लागला. इथेही काम केलं ते एका छोट्या वर्तुळाने. पंतप्रधानांचे सचिव परमेश्वर नारायण हक्सर, परराष्ट्र सचिव त्रिलोकीनाथ कौल, मॉस्कोतले राजदूत दुर्गाप्रसाद धर, गुप्तचर संस्थेचे प्रमुख रामेश्वरनाथ काव: सारे काश्मिरी पंडित, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे. दिल्लीच्या राजकीय वर्तुळात त्यांना काश्मिरी कंपू म्हणून नावं ठेवली जात. त्यांच्या गुप्ततेने त्या वर्षी भारताचं हित साधलं, हे मी आनंदाने मान्य करतो. पण म्हणून ती पद्धत आपोआप निर्दोष ठरत नाही. दिल्लीच्या त्या वर्तुळात आणि वॉशिंग्टनच्या वर्तुळात एक मोठा फरक मात्र होता. सीमेवरच्या छावण्यांतली गर्दी, तिथला कॉलरा, पश्चिम बंगाल आणि त्रिपुरा सरकारांच्या हाका यांचा दिल्लीच्या माणसांवर रोज दबाव होता. कोलकात्याची वर्तमानपत्रं त्यांना गप्प बसू देत नव्हती. गुपित राखणारे कोणाच्या हाकेच्या टप्प्यात आहेत, यावर त्या गुपिताचं वळण बरंच अवलंबून असतं.

आता दुसरा आक्षेप. गुप्तता नसेल तर शत्रू एकत्र बसतीलच कसे? याचं उत्तर म्हणून इस्रायली-पॅलेस्टिनी ओस्लो कराराचं नाव घेतलं जातं आणि ते घेण्यासारखंच आहे. जानेवारी १९९३मध्ये नॉर्वेतल्या सार्प्सबोर्ग गावाजवळच्या एका जुन्या वाड्यात दोन इस्रायली प्राध्यापक, याइर हिर्शफेल्ड आणि रॉन पुंडक, पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेच्या अबू अला यांना भेटले. या संघटनेशी संपर्क ठेवणं इस्रायली कायद्याने गुन्हा होता. ती तरतूद रद्द होऊन दोन दिवसही झाले नव्हते. बाहेर सांगायला अभ्यासाचं निमित्त होतं. मधली माणसं पाहा: टेर्ये रॉड-लार्सन एका संशोधन संस्थेचे प्रमुख, त्यांची पत्नी मोना यूल परराष्ट्र खात्यात, पुढे परराष्ट्रमंत्री झालेले योहान योर्गन होल्स्ट, आणि त्यांची पत्नी मारियाना हायबर्ग त्याच संशोधन संस्थेत पॅलेस्टिनी वस्त्यांच्या राहणीमानाचा अभ्यास करणारी. दोन घरांच्या ओळखीवर हा साकव उभा राहिला. नॉर्वेला त्यात ना तेलाची हाव होती ना तळाची, त्यामुळे याह्याखानसारखा मोबदला कोणाला द्यावा लागला नाही. आठ महिन्यांत कराराचा मसुदा तयार झाला, आणि १३ सप्टेंबरला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबीन आणि मुक्ती संघटनेचे प्रमुख अराफत यांनी हात मिळवले. उघड्यावर हे झालं नसतं, हे मला पूर्ण पटतं. पण त्याच काळात वॉशिंग्टनमध्ये पॅलेस्टिनींचं अधिकृत शिष्टमंडळ इस्रायलशी उघड बोलणी करत होतं. त्याचे नेते हैदर अब्देल शफी गाझातले डॉक्टर होते. वेस्ट बँक आणि गाझात वाढणाऱ्या ज्यू वसाहती आधी थांबवा, यावर ते अडून बसले होते, कारण त्या वसाहतींच्या सावलीत राहणारी माणसं त्यांच्या ओळखीची होती. ओस्लोतल्यांनी तो प्रश्न अखेरच्या टप्प्यावर ढकलला. करार झाला, वसाहती वाढत राहिल्या, अखेरचा टप्पा आलाच नाही. ओस्लो फसण्याची कारणं अनेक आहेत, राबीन यांच्या हत्येपासून आत्मघाती हल्ल्यांपर्यंत, आणि सगळा भार एका गोष्टीवर टाकणं अन्यायाचं होईल. तरी एवढं दिसतं, की ज्या माणसाने नेमका अडसर ओळखला होता तोच खोलीबाहेर होता. पहिली भेट गुप्त असणं आणि शेवटचा मसुदाही त्याच मोजक्या माणसांनी लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं समर्थन दुसरीला उसनं देता येत नाही.

अशा वाटेचा आणखी एक धोका भारत-पाकिस्तान यांच्या पडद्याआडच्या बोलण्यांत दिसतो. मनमोहन सिंग आणि मुशर्रफ यांच्या काळात काश्मीरवर जे बोलणं बरंच पुढे गेलं ते सतींदर लांबा आणि तारिक अझीझ यांच्यामार्फत, परदेशी हॉटेलांच्या खोल्यांमध्ये. लांबा मुरलेले मुत्सद्दी, जन्म पेशावरचा. अझीझ मुशर्रफ यांचे कॉलेजपासूनचे मित्र. त्यांच्यावर मुशर्रफ यांचा असलेला भरवसा हेच त्या बोलण्याचं बळ. २००७मध्ये मुशर्रफ आपल्या सरन्यायाधीशांशी झालेल्या झगड्यात अडकले, पुढच्या वर्षी पायउतार झाले, आणि जुळत आलेल्या त्या चौकटीला पाकिस्तानात वाली उरला नाही. लोकांना, संसदेला, पक्षांना जे कधी सांगितलंच नव्हतं, ते उचलून धरायला पुढे कोण येणार?

हे सारं जुन्या काळातलं झालं, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, गुपितं राहतातच कुठे, असंही कोणी म्हणेल. २०१०मध्ये अमेरिकी वकिलातींच्या अडीच लाखांवर तारा जगापुढे आल्या तेव्हा हा सूर जोरात होता. पण त्या फुटल्या कारण ९/११च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने त्या अतिशय मोठ्या संख्येने कर्मचाऱ्यांना खुल्या केल्या होत्या. इराकमधला एक कनिष्ठ विश्लेषक त्या वाचू शकत होता. सर्वोच्च गुप्ततेच्या श्रेणीतली एकही तार त्यांत नव्हती. ज्या गोष्टी चारपाच माणसांत असतात त्या त्या संगणकावर नव्हत्याच. आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच अमेरिका आणि इराण मस्कतमध्ये महिनोन्‌महिने गुपचूप भेटत होते. तिसरे कान ओमानचे. हा साकव उभा राहिला होता तो इराणने पकडलेल्या तीन अमेरिकी गिर्यारोहकांना सोडवण्याच्या खटपटीतून. त्या कामात ओमानी मध्यस्थांची पत दोन्हीकडे सिद्ध झाली होती. इस्रायल आणि सौदी अरेबिया यांना हे उशिरा कळलं आणि त्यांनी त्या कराराशी उभं वैर धरलं. २०१५मध्ये झालेल्या करारातून अमेरिका २०१८मध्ये बाहेर पडली तेव्हा त्या निर्णयाचं सर्वांत उघड स्वागत याच दोन देशांनी केलं.

१९७१कडे परत येतो, कारण तिथले दोन कागद डोळ्यांसमोरून हलत नाहीत. एक किसिंजर यांचा: शीर्षक नाही, सही नाही, पाहणारे मोजके, आणि त्याने जगाचा नकाशा हलवला. दुसरा आर्चर ब्लड यांच्या कचेरीतला, नावानिशी सह्या केलेला. ब्लड यांनी त्याला मुद्दामच कमी गुप्ततेची श्रेणी दिली होती, म्हणजे तो जास्तीत जास्त मेजांवर जाईल, कोणीतरी वाचेल, कोणीतरी हलेल. तो खरोखरच मेजामेजांवर गेला. त्याच दिवशी परराष्ट्रमंत्री रॉजर्स यांनी किसिंजर यांना दूरध्वनी केला, आणि त्यांची तक्रार ढाक्यातल्या कत्तलीबद्दल नव्हती, ती तार इतक्या जणांना वाटली गेली याबद्दल होती. रॉजर्स यांना तेव्हा हेही ठाऊक नव्हतं, की हिलाली यांचा निरोप येणार आहे.